सासूचं वजन अठ्ठेचाळीस किलो

२ मार्च
पाठ धरलीय. काल सासूला पलंगावरून खुर्चीत ठेवताना दोघी आपटलो. तिला खरचटलंही नाही — माझ्यावरच पडली ना! दीर आला आणि मलाच बोलला. "वहिनी, तुम्हाला झेपत नाही. अठ्ठावीसला येतो. एकटीने उचलून दाखवा, नाहीतर आईला वृद्धाश्रमात ठेवतो." हा कोण परीक्षा घेणारा! याने तिची उशी तरी उचललीय कधी? नवरा महिनाभर ट्रकवर. म्हणजे मीच.

४ मार्च
दवाखान्यात व्यायाम शिकवणारी पोरगी. म्हणे, "काकू, आधी तुमचं वजन उतरवा." तोंड बघा! खाण्याचा तक्ता दिला. साखर बंद, दोन अंडी, डाळ, उकडलेली भाजी. आणि उचलायला दहा किलो वाळूची पिशवी. म्हटलं, सासू अठ्ठेचाळीस किलोची आहे, दहाने काय होतंय? "दहा वेळा उचला. शेवटच्या दोन वेळा दम लागला पाहिजे, पण पाठ वाकता कामा नये. सोपं वाटलं की दोन किलो वाढवा. आणि उपाशी राहू नका, आहे ती ताकदही जाते."

५ मार्च
पिशवीत एकदम पंचवीस किलो भरले. दुपारपर्यंत आडवी. सासू खिदळली, "आधी स्वतःला उचल गं बाई!"

१२ मार्च
पिशवी चौदा किलोवर. साखर नाही तर सगळं जग कडू. अंड्याचा वास डोक्यात जातो. सासूचं ताट मात्र रोज लख्ख! तिच्या पलंगाजवळच्या खिडकीतलं मांजर केवढं फुगलंय — त्यालाही तक्ता द्या.

२१ मार्च
वीस. पाठ सरळ. सासू म्हणाली, "हमाल झालीस." म्हटलं, तुमच्याचपायी! तोंड फिरवून पडून राहिली. हल्ली धड भांडतही नाही. बरंय, कानाला आराम.

२८ मार्च
उचलली! गुडघे वाकवले, काखेत हात घातले आणि एका दमात खुर्चीत! दिराचं तोंड उघडंच. "जमलं की वहिनी." चहा न घेता गेला. मला धापसुद्धा लागली नाही.

२९ मार्च
तेच खटकत होतं. सकाळी बावीसची पिशवी उचलताना तोंडाला फेस आला. मग अठ्ठेचाळीसला धाप कशी नाही? सासूला कवेत घेऊन काट्यावर चढले, माझं वजन वजा केलं. चाळीस! "आठ किलो गेले कुठे? बोला!" ओरडलेच. तिने खिडकीकडे बोट केलं. मग म्हणाली, "मांजराला घालत होते. म्हटलं, तुला झेपेल तेवढीच राहते. मला तिकडे नाही जायचं."

३० मार्च
मांजराला हाकललं. तक्ता तिच्या पलंगाशी चिकटवला. समोर बसून दोन्ही अंडी गिळायला लावली — शिव्या देत गिळली. मग पिशवीत आणखी दोन किलो वाळू भरली.