जाणाऱ्याचा पसारा

३ मार्च, मंगळवार

पुन्हा लटकला! आमच्या कंपनीची शान — खोलीतून सिस्टरला बोलवायच्या बेलचा डबा. वृद्धाश्रमातून मेट्रनबाईंचा फोन, मी दात घासत असताना. "मॅडम, तुमचं मशीन परत झोपलंय. बंद करून चालू केलं, आता जागं झालंय. पण हे आम्ही किती दिवस करायचं?" मी तोंडात फेस घेऊन "बघते, बघते" म्हणाले. त्यांना वाटलं असेल, बाई भलतीच नम्र आहे.

ऑफिसात साहेबांचं तेच. "बाकी सगळीकडे महिना महिना चालतो. तिथेच का लटकतो?"

कारण मला माहीत आहे. त्या मजल्यावर माझे बाबा राहतात. खिडकी उघडा — बेल. खिडकी लावा — बेल. परवा तर टीव्हीवरचा माणूस धडधडीत खोटं बोलतोय, हे सांगायला सिस्टरला बोलावून घेतलं!

५ मार्च, गुरुवार

रोग सापडला. रोग कसला, संस्कारच.

कोणी बेल दाबली, की डब्यात एक छोटा टास्क, म्हणजे तेवढ्यापुरता प्रोग्रॅम, जन्माला येतो. थोडी मेमरी घेतो, नोंदीची फाइल उघडतो, दाबणाऱ्याच्या उशाचा दिवा लावतो, सिस्टरच्या खोलीतला भोंगा वाजवतो आणि संपतो. फाइल तशीच उघडी. मेमरी त्या मेलेल्याच्याच नावावर. असे मेलेले साठत साठत गेले, की जिवंतांना जागा उरत नाही आणि डबा हात वर करतो. दुसरीकडे बेल कधीतरी वाजते, म्हणून महिनाभर निभतं. इथे बाबा आहेत.

हा सगळा कारभार गुरुजींचा. गुरुजी म्हणजे आमचे निवृत्त झालेले थोर पुरुष. डब्याची अक्षर न् अक्षर त्यांनी लिहिली. बाहेर पडताना टास्कचं सामान आपोआप परत घेण्याची सोय का नाही, असं मी कधीकाळी विचारलं होतं, तर म्हणाले होते, "ज्यानं उघडलं त्यानं बंद करावं. प्रत्येकाच्या मागे आई फिरणार का?"

यांच्या घरी कपाटाची दारं कोण लावतं, हे काकूंना विचारायला हवं होतं.

६ मार्च

साहेब म्हणाले, नवीन काही करायचं तर दोन आठवड्यांत करा. म्हणजे एका आठवड्यात.

८ मार्च, रविवार

बाबांकडे गेले. एकट्यानं उठायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे त्यांना — पाय धरत नाहीत. बाथरूमला जायचं तरी बेल दाबायची, सिस्टर येईपर्यंत थांबायचं. म्हणून तर बटण उशाशी बांधलंय. पण मी तिथे बसले होते तेवढ्यात त्यांनी चष्मा कुठे आहे हे विचारायला बेल दाबली. चष्मा नाकावर!

मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही सारखी दाबता म्हणून अख्ख्या मजल्याच्या बेली बंद पडतात. इथल्या माणसांना बाकीची कामं नाहीत का?"

"मग बटण दिलंय कशाला?"

"खरंच अडलं तर दाबायला."

त्यांनी हातातलं बटण उशाशी परत ठेवलं. म्हणाले, "बरं."

बाबा आणि "बरं"! घरी येऊन दादाला फोन केला, म्हटलं इतिहास घडला. दादा म्हणाला, "जरा समजून घे गं त्यांना." लांबून समजून घेण्यात दादाचा हात कोणी धरणार नाही.

१० मार्च, मंगळवार

झालं लिहून! नाव ठेवलंय 'आत्या'. आमच्या आत्याकडे पाहुणे जिना उतरायच्या आत त्यांच्या चादरी धुवायला पडायच्या. तशीच ही. टास्क संपला रे संपला, की त्यानं उघडलेलं सगळं बंद, घेतलेली मेमरी जमा. त्यानं आवरलं का, हे विचारत बसायचं नाही. दयामाया नाही, अपवाद नाही.

गुरुजी, असतात काही आया मागे फिरणाऱ्या.

११ मार्च

दिवसभर चाचणी. बटण दाबून दाबून बोट सुजलं. पहिल्या अर्ध्या तासातच शेजारच्या टेबलावरचा ओरडला, "तो भोंगा काढ गं, डोकं उठलंय!" काढली वायर. नाहीतरी भोंग्यात काय बघायचंय? उशाचा दिवा लागत होता, नोंद होत होती, मेमरी जिथल्या तिथे परत. बाबांनी वर्षभर दाबली तरी लटकणार नाही.

१३ मार्च, शुक्रवार

बाबांच्या मजल्यावर आत्या घातलेला नवा डबा बसवून आले, जुना मेट्रनबाईंकडे ठेवला. आधी एकाच मजल्यावर, प्रयोग म्हणून. बटण दाबलं, दिवा लागला, मेट्रनबाईंची सही घेतली. बाबा झोपले होते. उठवलं नाही. उठवलं असतं तर चष्मा शोधावा लागला असता.

घरी येऊन गुरुजींना सगळा कोड धाडला. सोबत एक ओळ — "तुमच्या मागचा पसारा आवरलाय, सवडीनं बघा." राहवलंच नाही.

१४ मार्च

मेट्रनबाईंचा फोन आणि चक्क तक्रार नाही! "काय शांतता आहे हो मॅडम! कालपासून एकदाही बंद पडलं नाही. आणि तुमचे बाबा — अगदी शहाण्यासारखे वागताहेत."

साहेबांनी सगळ्यांना कळवलं. टाळ्यांची चित्रं आली. मीच मला एक भारी कॉफी पाजली. बोलणं लागलं बाबांना, असं म्हणायचं. इतकी वर्षं उगाच गोड बोलत बसले.

१५ मार्च, रविवार

दुपारी गुरुजींचा फोन. वाटलं, आता रुसवा ऐकायचा. मी मस्त पाय पसरून बसले.

म्हणाले, "चांगलं लिहिलंयस. मी आळस केला होता, खरंय." आणि मग, "पण पहिल्या टास्कचं काय केलंस?"

कुठला पहिला टास्क?

"डबा चालू झाला की सगळ्यात आधी तो चालतो. भोंगासुद्धा आपल्याकडे फाइलसारखा उघडावा लागतो ना, तो उघडतो आणि संपतो. भोंगा उघडाच राहतो. मी मुद्दाम ठेवलाय. बाकीचे टास्क तोच वापरतात. तुझी ही बाई तो बंद करणार बघ."

संपलेल्याचं सगळं बंद. अपवाद नाही. म्हणजे उशाशी दिवा लागतोय, नोंद होतेय, आणि सिस्टरच्या खोलीत — शुक्रवारपासून — काहीच वाजत नाहीये. शांतता!

"भोंगा लावून बघितलंस ना?" गुरुजी विचारत होते.

मेट्रनबाईंना फोन केला, डबा काढा, जुना लावा, आधी बाबांच्या खोलीत जा. मी निघतेय.

रविवार, रात्री

बाबा पडलेले नाहीत. ओल्या चादरीवर बसून होते, बटण हातात. सिस्टर फेरीला येत होत्या, जेवण देत होत्या. त्यांना एका शब्दानं बोलले नाहीत. मी म्हटलं, बाबा, बेल दाबून कोणी येत नाही, हे कोणाला तरी सांगायचं ना!

म्हणाले, "मला वाटलं, तूच सांगितलं असशील त्यांना. याच्याकडे लक्ष देऊ नका म्हणून."