पटलं तरच 'व्हय'

मिरजोळे,
२२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप रावजीकाका यांस,
निशिगंधाचा शि. सा. न. वि. वि.

मनस्वी आणि मी सुखरूप पोचलो. गणपतीत तुमच्या आणि रामाकाकांच्या घरी लागोपाठ आरत्या करून बसलेला घसा अजून सुटलेला नाही. सख्खे भाऊ, एका बांधावर दोन घरं, फणसाच्या एका फांदीवरून अकरा वर्षं अबोला, आणि मोदकांचा आग्रह मात्र दोन्हीकडे सारखाच! फोनवर तुम्ही 'बरं आहे' याच्या पुढे जात नाही, म्हणून हे पत्र.

शाळेत नववीचा मूल्यशिक्षणाचा तास माझ्या गळ्यात पडला आहे. आजवर तो गणिताचे सर घेत आणि त्यात गणितच शिकवत. मी पहिल्याच तासाला सचोटीवर बोलले. मुलांनी माना डोलावल्या आणि त्याच तासाला तेजस्वीने माझ्या डोळ्यांदेखत सागरचा भूगोलाचा गृहपाठ उतरवून घेतला. तुम्ही शिकायला माझ्याकडे ठेवलेली तुमची नात मनस्वी मागच्या बाकावर जांभया देत होती. घरी तीन भाकऱ्या रिचवते, तिथे काही कमी नाही.

तुम्ही देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालता आणि दर वाक्याला सगळं गाव 'व्हय महाराजा' म्हणतं, तेव्हा एकही पोर जांभई देत नाही. तसं वर्गात करून पाहावं का? तुमचं मत कळवा.

लोभ आहे तो राहू द्यावा, आणि फणसाचं जरा मनावर घ्यावं.
आपली, निशिगंधा

गावाहून,
२७ सप्टेंबर

चि. निशिगंधा हिस रावजीकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. बाई झालीस तरी अक्षर सुधारलं नाही. तुझ्या काकूने चष्मा लावून दोनदा वाचून दाखवलं तेव्हा अर्थ लागला.

गाऱ्हाणं खुशाल घाल, पण देवाला त्यात ओढू नकोस. तुझ्या वर्गात सगळ्या घरांची पोरं असतील, ज्याचा देव त्याच्यापाशी. आणि गाऱ्हाणं म्हणजे भाषण नव्हे. उभा राहील त्याने सगळ्यांच्या वतीने बोलायचं आणि खोटं बोलायचं नाही. शेवटचं 'व्हय' आल्याशिवाय मी नारळ वाढवत नाही. वडिलांनी हा मान माझ्याकडे दिला त्याला सव्वीस वर्षं झाली.

रामाचं लिहिलंस. तो दर दसऱ्याला देवळात माझ्यासमोरच खांबाला टेकून उभा असतो. 'व्हय महाराजा' चांगलं मोठ्याने म्हणतो. वर्षभरात त्याचा तेवढाच आवाज माझ्या कानावर पडतो. कधी कधी त्यासाठी मी गाऱ्हाणं चार वाक्यं लांबवतो. हे कोणाला सांगू नकोस. फांदी त्याने न विचारता तोडली, ती गोष्ट वेगळी.

मनस्वीला दसऱ्याला पाठव. घर सुनं वाटतं. जीव लावतेस तिला, तसाच लावत राहा.
तुझा, रावजीकाका

मिरजोळे,
६ ऑक्टोबर

तीर्थरूप काका यांस शि. सा. न. वि. वि.

काल शनिवारी प्रयोग केला. आमचा वर्ग स्वच्छ आहे, असं मी म्हटलं. पोरं ओरडली, व्हय महाराजा! इथे कोणी कोणाचं बघून लिहीत नाही. व्हय महाराजा! कोणी कोणाला टोपणनावाने चिडवत नाही. व्हय महाराजा! मुख्याध्यापक धावत आले. त्यांना वाटलं वर्गात साप निघाला.

मग मी नियम घातला, की ज्याला पटेल त्यानेच 'व्हय' म्हणायचं, न पटेल त्याने गप्प राहायचं. तीच वाक्यं पुन्हा म्हटली. काका, एवढी शांतता त्या वर्गाने कधी ऐकली नसेल! तेजस्वी उभी राहिली आणि म्हणाली की गृहपाठ तिचा नव्हता. सागरने लगेच सांगितलं की त्याचाही नव्हता, त्याच्या ताईचा होता. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी मी अभिमानाने सांगितलं, की माझे काका सव्वीस वर्षं गाऱ्हाणं घालतात आणि तिथे उभं राहून कधी खोटं बोलत नाहीत. मनस्वीने एकदम मान खाली घातली. घरी विचारलं तर दुसऱ्याच भाकरीवर उठली. शुक्रवारी तिला गाडीत बसवून देते, तुम्हीच काढून घ्या मनातलं.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
आपली, निशिगंधा

गावाहून,
१४ ऑक्टोबर

चि. निशिगंधा हिस आशीर्वाद. रागाने द्यावेत की आनंदाने, ते ठरत नाही.

दसऱ्याला देऊळ भरलं होतं. सगळं गाव एकदिलाने तुझ्यापुढे उभं आहे, असं मी देवाला दरवर्षीप्रमाणे सांगितलं. सगळे 'व्हय' म्हणाले. पुढेच उभ्या मनस्वीचे ओठ मिटलेले. एरवी तिचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. माझ्या हातात नारळ, आणि तो वाढवता येईना. मी तिला कारण विचारलं. ती म्हणाली की रामाआजोबांशी तुम्ही बोलत नाही, मग यावर 'व्हय' कसं म्हणू? बोलली हळूच, पण सगळ्या देवळाने ऐकलं.

क्षणभर तुझी नोकरी घालवावीशी वाटली, खरं सांगतो. मग लाज वाटली. दरवर्षी मी तिथे उभा राहून खोटंच बोलत होतो. मी गाऱ्हाणं पुन्हा घातलं. मगाशी माझ्या तोंडून खोटं गेलं, दोन भाऊ अकरा वर्षं बोलत नाहीत, त्यातला थोरला मी, चूक झाली ती पदरात घे, असं म्हटलं. कोणी 'व्हय' म्हणेना. माझ्या चुकीला 'व्हय' म्हणायला कोण धजावणार? मी नारळ धरून उभाच. तेवढ्यात खांबाकडून रामाचा 'व्हय महाराजा' आला. त्याचा आवाज कापरा झाला होता. मी मात्र सावरून होतो.

सोनं द्यायला तोच पुढे आला. त्या फांदीवर गांधीलमाश्यांचं पोळं होतं, तुझ्या रामाकाकूला दोनदा चावल्या होत्या. हे सांगायला तो तेव्हाच आला होता आणि मी दार लावून घेतलं होतं. दिवाळीला ये, फराळ एकाच घरी आहे. पत्र बंद करण्याआधी रामाला वाचायला देतो.

जीव आहे तोवर आशीर्वाद आहेत.
तुझा, रावजीकाका

ता. क. चि. निशिगंधा, दादाचं पत्र वाचलं. तुझ्या वर्गाच्या नियमाने सगळ्या मजकुराला माझं 'व्हय महाराजा'. आवाज कोणाचा कापरा झाला, त्या एका वाक्याला मात्र मी गप्प.
तुझा, रामाकाका