दुर्बीण झुकते, तुम्हीही झुका

नातीच्या आजोबांना, तिच्या आजीचा नमस्कार.

इकडे आम्ही दोघी ठीक. नातीच्या कामावरची दुर्बीण खोलीएवढी आहे. ती स्वतःच्याच वजनाने वाकते आणि ताऱ्याच्या जरा खाली बघते. मी म्हटलं, "मग सरळ करा की मेलीला."

"आजी, ती वाकणारच. ओळखीच्या ताऱ्यांवर धरून कुठे किती चुकते ते आधी मोजलं. आता कॉम्प्युटर दर वेळी तेवढी वर धरतो."

काल तारा अगदी मधोमध आला.

लकव्यापासून डावीकडे झुकता म्हणून तुम्ही खाट सोडत नाही, असं सूनबाई म्हणाली. झुका की. कुठे किती झुकता ते तिला बघू द्या, आणि तेवढं उजवीकडे धरून चाला. गोळ्या घेता ना?

मी आले की दार तुम्हीच उघडायचं. दुसऱ्या कोणी उघडलं तर मी आत येणार नाही.

तुमचीच,
घरची