मुद्दाम बिघडवलेली परीक्षा

प्रिय ट्रेव्हर,

हे पत्र मिळेपर्यंत तू माझ्यावर भडकलेला असशील. तरी शेवटपर्यंत वाच.

इकडे सगळं गाव हवेत आहे. गेल्या हंगामात तुमचा कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ सारखा हरायचा, तेव्हा तुझ्या बाबांना बघून न्हाव्याच्या दुकानातली मंडळी वर्तमानपत्रात तोंड खुपसायची. कोच बॅक्स्टर आल्यापासून संघ हरलेला नाही, तर आता उठून त्यांना खुर्ची देतात. रविवारी चर्चमध्ये पाद्रीसुद्धा सामन्याच्या गप्पांसाठी प्रवचन आवरतं घेतात. बॅक्स्टर वाईट माणूस नाही. आपल्याकडे जेवायला आला तेव्हा तळलेला मासा मागून मागून खाल्ला, मला आवडला तो. पण निघताना तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझ्याकडे जो दुखापत झाली म्हणून बाकावर बसला, त्याची संघातली जागा गेली, बरं का." सगळे हसले.

पुढच्याच आठवड्यात तू ती परीक्षेची गंमत सांगितलीस. हंगामाआधी संगणकावर तुमची डोकी तपासतात, शब्द लक्षात ठेवायला लावतात, आकृत्या ओळखायला लावतात. पुढे कुणाच्या डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा घेऊन गुण ताडून पाहतात. म्हणून तुम्ही सगळ्यांनी ती आधीच मुद्दाम बिघडवली, म्हणजे मार लागल्यावर गुण कमी पडले तरी फरक दिसायला नको. "आई, जो पहिल्यांदा नापास होतो तो नंतर कधीच नापास होत नाही," असं म्हणून तू डोळा मारलास. बाबा खो खो हसले. मीही हसले रे, शहाणी.

मग त्या सामन्यात तू हेल्मेट घातलेलं डोकं खाली घालून समोरच्यावर धडकलास आणि गवतावर पडून राहिलास. तुझा एक हात नुसता वर उचललेला, जणू कुणाला थांब म्हणतोयस. संघाच्या दुखापती बघणाऱ्या नडीन बाईंनी तुला आत नेऊन तीच परीक्षा घेतली आणि तू पास झालास. तू परत मैदानात उतरलास तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, बाबाही. त्या पास होण्याचा अर्थ मला कळत होता.

रविवारी घरी आलास तर टोपी डोळ्यांवर ओढलेली. स्वयंपाकघरातला दिवा सोसेना तुला. आजीची तब्येत विचारलीस, मी सांगितली. मक्याचा पाव संपायच्या आत पुन्हा तेच विचारलंस, त्याच आवाजात. बाबा म्हणाले, पोरगं दमलंय. मी भांडी घासायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. तेव्हापासून फोन वाजला तरी मला धडकी भरते.

काल मी कॉलेजात जाऊन नडीन बाईंना सगळं सांगितलं. फक्त तुझंच नाही, सगळ्या पोरांचं. आता तुम्हा सगळ्यांना खऱ्या डॉक्टरकडे नेतील आणि शनिवारचा शेवटचा सामना कोण खेळेल, देव जाणे. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. न्हाव्याच्या दुकानात आता काय होईल ते मला ठाऊक आहे. तू माझ्यावर जन्मभर राग धर, बाळा, माझी ना नाही. पण तो कशासाठी धरला आहेस, एवढं तुला जन्मभर आठवत राहू दे.

तुझीच,
आई