धोबीखान्यातली पांढरी माती

लोणावळा,
९ डिसेंबर १९७३

प्रिय मोरू,

तुझे कार्ड शाळेत पोचले. 'पांढरा लेप अ‍ॅस्बेस्टॉसचाच. कोणालाही हात लावू देऊ नका. सविस्तर मागाहून.' दहा शब्द आणि खाली सही! अरे, प्राचीन सूत्रकारसुद्धा इतके कंजूष नव्हते. त्यांनी निदान भाष्यकारांची तरी सोय ठेवली होती. पाठशाळेत माझ्या शेजारी बसून डुलक्या काढणारा तू पुण्यात जाऊन दगडांचा प्राध्यापक झालास, त्याचा हा परिणाम असावा. मेहुणा म्हणून मी तुला रागावू शकत नाही, म्हणून मित्र म्हणून रागावतो आहे. 'सविस्तर' लवकर पाठव. इथे ते 'मागाहून' फार जड जाते आहे.

दिवाळीत तू आमच्या शाळेमागचा जुना धोबीखाना पाहिलास आणि चाकूने नळावरचा लेप खरवडून पुडीत बांधून नेलास, तेव्हा मी तुझी थट्टा केली होती. आता ती माझ्याच अंगाशी आली आहे. साहेबांच्या हॉटेलचे कपडे जिथे वाफेवर धुतले जात, ती ही इमारत पाडून तिथे तीन नवे वर्ग बांधायचे आहेत. येत्या रविवारी श्रमदान ठरले होते. आठवीपासूनची सगळी मुले आणि गावकरी, घरोघरच्या कुदळी-पहारी घेऊन. तुझे कार्ड घेऊन मी शाळा समितीचे अध्यक्ष दत्तोबा यांच्याकडे गेलो. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, जी पाडायचीच हाय, तिची नाडी कशापायी बघताय?" मी सांगितले, ही धूळ छातीत जाऊन बसते आणि पंधरा-वीस वर्षांनी बोलू लागते, असे आमचे मोरेश्वरराव म्हणतात. त्यावर त्यांनी कार्ड पुन्हा एकदा वाचले. त्यांचा नातू नववीत आहे. शेवटी म्हणाले, "कालेजाचा शिक्का असल्याला कागद आना. तवर कुदळ न्हाई लागायची." तेव्हा श्रमदान पुढे गेले आहे, पण फार दिवस थांबणार नाही. लेप नुसता नळांवर आहे, की छताच्या तक्त्यांत आणि वरच्या पत्र्यांतही तोच माल आहे, हे कागदावर स्पष्ट हवे.

म्हणून सोबत पुड्या पाठवतो आहे. तू दिवाळीत दाखवलेस तसेच केले. आधी पाणी शिंपडले, ओला पंचा नाकातोंडाला बांधला, चमच्याने अलगद काढले. शिडी धरायला आमचा शिपाई बजरंग होता. त्यालाही ओले फडके बांधायला लावले, तर खालून विचारतो कसा, "गुरुजी, मधाचं पोळं काढताय व्हय?" मला हसू आले आणि त्याच क्षणी चमच्यातले थोडे सांडले. सांडलेला कण दिसेना, म्हणून ती जागा मी चारदा ओल्या फडक्याने पुसली. असा मी कधीपासून झालो, विचारू नकोस.

पण सांगतोच. 'अग्निशौच' आठवते? आगीत टाकून धुवायचे ते वस्त्र. पाठशाळेत आपण दोघेही त्याला कविकल्पना समजलो होतो. अकरा वर्षांपूर्वी धोबीखान्यातला एक नळ फुटून पडला आणि शाळा झाडणाऱ्या गंगीने त्यावरचा लेप शेगडीत टाकून पाहिला. तो जळेना. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ग्रंथातली वस्तू साक्षात समोर. ही माती अग्नीतही शुद्ध राहते, चुलीला घाला, चूल तडकणार नाही, असे मीच सांगितले. गंगीने पाट्या भरभरून वाडीवर नेली. आठ घरांच्या चुली त्या मातीच्या झाल्या.

परवा मी वाडीवर जाऊन आलो. चुली फोडू नका, खरवडू नका, तूर्त वरून शेणामातीचा जाड हात द्या, मोरेश्वरराव सांगतील तसे पुढे करू, असे दारोदार सांगितले. बाया ऐकून घेत होत्या. गंगी मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गुरुजी, तवा म्हनलात पवित्र हाय. आता म्हनताय भ्या. चूल पुजायची का भ्यायची, येकदा ठरवा." बावीस वर्षे मुलांना उत्तरे शिकवतो आहे, मोरू. तिच्या चुलीवर शेणामातीचा पहिला हात मीच दिला.

आणि एक पाटी माझ्याही घरी आली होती. तुझ्या बहिणीने, वेणूने, ती वाळलेली ढेकळे हातांनी कुस्करली आणि पिठाच्या चाळणीने चाळली. खिडकीतून उन्हाचा पट्टा येत होता, त्यात ती धूळ चमकत होती आणि मी दारात उभा राहून तिला श्लोकाचा अर्थ सांगत होतो. त्यानंतर दर वर्षी दिवाळीआधी ती चूल खरवडून नव्याने सारवते. दसऱ्यापासून तिला कोरडा खोकला आहे. डॉक्टर हवापालट म्हणतात. तसेच असेल, लोणावळ्यात डिसेंबरात कोण खोकत नाही? पण रोज सकाळी तिची पहिली ढास ऐकू आली की मी वर्षे मोजतो. गेल्या आठवड्यात मी रॉकेलचा स्टोव्ह आणला आणि चुलीवर ओले पोते टाकले. तिला वाटले, नवऱ्याला उतारवयात बायकोची दया आली. शेजारच्या रतनबाईंना बोलावून तिने तो पेटवून दाखवला. इतकी खूष होती की मी तोंड उघडले आणि चहा मागितला.

आमच्या चुलीचा तुकडा शेवटच्या पुडीत आहे, वेगळा बांधलेला. त्याचा निकाल शाळेच्या पत्त्यावर पाठव असे लिहिणार होतो, कारण घरी तुझी पत्रे तीच आधी फोडते. आता तसे लिहीत नाही. पाठशाळेत शास्त्रीबुवांसमोर उभे राहण्याआधी आपण एकमेकांना पाठ म्हणून दाखवत असू. जिथे अडखळायचो, तिथे दुसरा गप्प बसून वाट पाहायचा. हे पत्र त्याचसाठी लिहिले. पुड्यांसाठी चार ओळी पुरल्या असत्या. वेणूला जे सांगायचे, ते आधी तिच्या भावापुढे म्हणून पाहिले. अडखळलो, पण शेवटपर्यंत आलो. तुझ्या उत्तराची वाट पाहत बसलो, तर माझा धीर सुटेल. तेव्हा पाकीट पोस्टात टाकून सरळ घरी जातो आणि ती स्टोव्हपाशी असेल तिथेच तिला सांगतो. तू पहिल्या गाडीने ये. मला रागावायला ये, पण तिची छाती तपासायला तुमच्या पुण्यातला चांगला डॉक्टर ठरवूनच ये.

तुझाच अपराधी,
त्र्यंबक