हॅलिफॅक्स, उणे अकरा

धायरी, पुणे
गुरुवार

प्रिय कादंबरी,

घर बघायला आलेलं ते जोडपं परवा पुन्हा येऊन गेलं. माणसं चांगली आहेत. तिने ओट्यावरून हात फिरवून पाहिला, त्याने गॅलरीत उभं राहून इथून सिंहगड दिसतो का विचारलं. मी म्हटलं, समोरची इमारत होईपर्यंत दिसायचा. रविवारी टोकन घेऊन येतो म्हणाले. मी चहा दिला, हो-नाही काही बोलले नाही. मला पटकन बोलता येत नाही, तुला माहीत आहे. फोनवर तर नाहीच. तू रडायला लागतेस आणि मी गप्प होते.

बाबांचा टॅब मी अजून चार्ज केलेला नाही. त्या सकाळी मी चहा घेऊन हॉलमध्ये आले तेव्हा ते खुर्चीत होते आणि टॅब मांडीवर होता. शेजारच्या सुशीलाबाई धावत आल्या, डॉक्टर आले, वारज्याहून बद्रीकाका आले. टॅब कोणीतरी टीपॉयवर ठेवला होता. कोणाचा हात लागला की तो पुन्हा उजळायचा आणि तेच दाखवायचा. हॅलिफॅक्स, उणे अकरा, ढगाळ. तुला फोन लावताना माझ्यासमोर तुझ्याच गावचं तापमान होतं.

तू आम्हाला तिकडे बोलवायला लागलीस तेव्हापासून, गेली दोन वर्षं, त्यांची सकाळ कॅनडापासूनच सुरू व्हायची. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, रोज धरणाची पातळी बघायची सवय, तसंच हे. पेपरच्या आधी तुमचं हवामान. तुमच्यापासून दवाखाना किती लांब, बस कुठे थांबते, डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, घरं लाकडाची असतात, बर्फ पडला की दारापासूनची वाट आपली आपण साफ करायची. सोसायटीत कोणी विचारो न विचारो, सांगायचे. खालचे आगाशे एकदा म्हणाले, 'गोपाळकृष्णराव, तुम्ही आता तिकडे नगरसेवक म्हणूनच उभे राहा.' सगळ्यांना वाटायचं, काय हौस आहे या माणसाला. तुलाही तसंच वाटलं असणार. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

दिवाळीनंतर तू त्या घराचा व्हिडिओ पाठवलास. वर तू, सलिलराव आणि स्पृहा, खाली तळघरात आमची खोली, स्वतंत्र बाथरूम, छोटासा ओटा. धायरीची जागा विकून ते पैसे त्यात घालायचे आणि आम्ही कायमचं तिकडे यायचं. स्पृहा त्या रिकाम्या खोलीत उभी राहून 'आजी, हा तुझा कोपरा' म्हणत होती. मी तेवढंच पुन्हा पुन्हा लावून बघत होते. बाबांनी खिडकी बघितली. छताला टेकलेली, आडवी, बाहेर नुसतं गवत. म्हणाले, 'आपल्याकडे तळघरात लाइटचे मीटर असतात.' मला हसू आलं. ते हसले नाहीत. दुपारी मी आत गेले तर आपल्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला टेप लावून माप घेत होते.

जानेवारीत आम्ही स्कूटरवरून खडकवासल्याला गेलो होतो. मक्याचं कणीस खात पाण्याकडे बघत बसलो होतो, तेव्हा म्हणाले, 'मला तो देश सगळा कळला. आता जायची गरज नाही.' मला वाटलं गंमत करतायत. मग म्हणाले, 'पोरीने एवढ्या प्रेमाने बोलावलंय. तिला नाही म्हणायचं तर नीट माहिती घेऊन म्हणावं. ती घेतली. आता रविवारी सांगतो.' पण रविवारी तुझा फोन आला की विचारायचे, बर्फ किती, गाडीचे टायर बदलले का, आणि फोन माझ्या हातात द्यायचे. नंतर माझ्याकडे न बघता म्हणायचे, 'पुढच्या रविवारी.' मी शेजारीच बसलेली असायचे. पण सांगायचं ते त्यांनी, म्हणून मी मधे पडले नाही.

मला विचारशील तर मला यायचं होतं. स्पृहाची वेणी घालायला, तुम्ही कामावरून याल तेव्हा काहीतरी गरम करून ठेवायला. पण ते सगळं मी दोघांचं मिळून मनात धरलं होतं. त्यांना सगळं माहीत असणार आणि मी त्यांच्या मागून चालणार, असं.

दहाव्याला घाटावर तू माझ्या डाव्या बाजूला उभी होतीस. पिंड मांडून झाले आणि कावळा भिंतीवर तोंड फिरवून बसला. बद्रीकाका एकेक बोलत होते. वहिनींना अंतर देणार नाही, वर्षश्राद्ध नीट करू. कावळा हलेना. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, 'अहो, काय राहिलंय ते आठवा लवकर, मागे दोन दहावे खोळंबलेत.' त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतलाही होता. तेव्हा काका हात जोडून मोठ्याने म्हणाले, 'दादा, तुझी कॅनडाची इच्छा राहिली. इथलं घर विकून तिकडचं घर होईल, वहिनी तिकडे राहतील.' आणि कावळा खाली आला. तू माझा हात किती घट्ट धरलास. घरी येईपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. जाताना विमानतळावर तू म्हणालीस, 'आई, आता निदान बाबांच्या मनासारखं होतंय.' मी मान हलवली.

काका बोलत होते त्याच वेळी मी मनात बाबांना म्हटलं होतं, तुमचं सांगायचं राहिलंय ना, ते मी सांगते. घर विकत नाही. कावळा कशामुळे आला ते मला माहीत नाही. त्याला भूक लागली असेल. पण मी काय कबूल केलं ते मला माहीत आहे. म्हणून हे पत्र. सलिलराव म्हणाले, तुमचा तिकडचा करार अजून व्हायचाय, तर तो होण्याआधी तुला कळायला हवं. टोकन घेऊन येऊ नका असं त्या दोघांना आज फोन करून सांगितलं. तुझं ते घर माझ्यामुळे हातचं जाणार, हे मला समजतं. रागावलीस तर रागाव. तुमच्या तिघांपुरतं, झेपेल तेवढं घर घ्या. मी उन्हाळ्यात येईन, परतीचं तिकीट काढून, आणि स्पृहाच्या खोलीत झोपेन. तळघरातल्या त्या खोलीत बाबांशिवाय दिवसभर खिडकीतलं गवत बघत मला बसता येणार नाही. काकांना मात्र यातलं काही बोलू नकोस. आपल्या शब्दाला दादा आला, असं ते सगळ्यांना सांगतात. त्यांना तेवढं राहू दे.

तुझीच,
आई