फोटोच्या मागची नावं

सेंट-आन वस्ती, मेन राज्य

श्री. हॉलिस,
विद्यापीठ अभिलेखागार

आमच्या बूट कारखान्यातल्या अकरा बायकांचा फोटो मी विश्वासानं तुमच्या हवाली केला. त्याच्या मागच्या बाजूला आईनं पेन्सिलीनं सगळ्यांची नावं लिहिली होती. तुम्ही पुढची बाजू स्कॅन केलीत, मागून पुठ्ठा चिकटवलात आणि प्रदर्शनात लिहिलंत, ‘अनोळखी कामगार स्त्रिया’. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आम्हाला कागद उलटून बघायला शिकवलं होतं.

जाब विचारला, तर म्हणालात, “आजी, नावं तुम्हीच सांगा ना.”

आजी तुमच्या घरी.

दहा नावं मी झोपेतही सांगेन. पण आईच्या खांद्यावर हात ठेवून हसणारी ती कोण, मला आठवत नाही. तिचं नाव आता फक्त तुमच्या पुठ्ठ्याखाली आहे. मीही एक नाव विसरले, हे तुम्हाला कळू नये, म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही.

तुमची मुळीच नसलेली,
ओदेत लाशाँस